मशीन थांबेपर्यंत

प्रकाशकाचा फोन आला तेव्हा थोरलीच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यामुळे सुरुवातीला तिला नुसतं "हं, हं" करता आलं, आणि तो होकारच आहे असं समजून प्रकाशकाने आपलं गाऱ्हाणं पार शेवटापर्यंत नेलं. पुस्तकाची जाहिरात होऊन गेली होती, मुखपृष्ठ छापून तयार होतं, समारंभासाठी सभागृह ठरलं होतं, आणि लेखकसाहेबांचं शेवटचं प्रकरण काही केल्या हातात पडत नव्हतं. साहेब फोन उचलत नव्हते. घरी माणूस पाठवला तर दाराआडून उत्तर आलं, ताईला वाचून दाखवल्याशिवाय देणार नाही. तेव्हा ताईंना एकच विनंती होती. साहेब आज वाचायला आले तर ताईंनी आपलं शिवणाचं मशीन जरा लवकर थांबवावं.

थोरलीने टाचण्या काढल्या आणि विचारलं, शाळेचे गणवेश सोमवारी द्यायचेत, ते कोण देणार, तुम्ही? यायचं असेल तर या, कॉलरी उलटवायला माणूस हवाच आहे. प्रकाशक हसला. थोर माणसांच्या नातेवाइकांचं बोलणं लोक मनावर घेत नाहीत, तसा हसला. म्हणाला, "तुमच्याच हातात आहे सगळं, ताई." तिने फोन ठेवला तो आपटूनच.

या मशीन थांबवण्याच्या प्रकाराने तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता, आणि तो प्रकार आजचा नव्हता.

आई गेल्यावर ही दोघं भावंडं एका खोलीत राहायची. थोरली कपडे शिवायची. धाकटा कॉलेजात जायचा आणि उरलेल्या वेळात गोष्टी लिहून तिला ऐकवायचा. ऐकवायचा म्हणजे ती शिवत असताना तिच्या डोक्याशी उभा राहून मोठ्याने वाचायचा, कारण खोलीत उभं राहायला दुसरी जागाच नव्हती. एकदा असंच वाचता वाचता मशीन थांबलं. धाकट्याने कागदातून वर बघितलं. "आवडलं ना?" त्याने विचारलं. खरं तर बॉबिन संपली होती. खालचा दोरा संपला की मशीन थांबवावंच लागतं, त्याचा साहित्याशी काही संबंध नसतो. पण ती दमली होती, पोराचा चेहरा फुलला होता, आणि "हो" म्हणायला काही कष्ट पडत नव्हते. ती गोष्ट छापून आली, तिला बक्षीस मिळालं, आणि थोरलीच्या मागे जन्माची पीडा लागली.

कारण धाकट्याने त्या दिवसापासून नियमच करून टाकला. मशीन थांबलं तर पान ठेवायचं. नाही थांबलं तर फाडायचं. थोरलीने त्याला बॉबिनीचं खरं कारण एकदा सोडून दहादा सांगितलं. तो हसायचा. म्हणायचा, तुला स्वतःला कळत नाही ताई, तुझ्या पायाला कळतं. पुढे तो मोठा झाला, मुलाखती देऊ लागला, तेव्हा प्रत्येक मुलाखतीत त्याने हेच सांगितलं. एका प्राध्यापकाने त्याच्या पुस्तकातल्या शांततेवर जाडजूड प्रबंध लिहिला. त्यात एक आख्खं प्रकरण एका अर्ध्या तुटलेल्या वाक्यावर होतं. लेखकाने ते वाक्य तसंच का सोडलं असेल, याची प्राध्यापकांनी सात-आठ कारणं दिली होती. त्या वेळी थोरलीची सुई एका जाड कोटाच्या दुमडीत मोडली होती आणि तिने शिवी दिली होती, हे कारण त्यात नव्हतं.

ऐकायला तिला वेळ कुठे होता? तो वाचत असला की ती चुण्या मोजत असायची, नाहीतर उद्या कुणाचं माप घ्यायचंय ते आठवत असायची. आवाज कानावर पडायचा, शब्द नाही. पोटात कावळे ओरडायला लागले की ती आपणहून पाय उचलायची, म्हणजे धाकटा खूश होऊन घरी जायचा आणि तिला जेवायला मिळायचं. धाकट्याची काही अतिशय नावाजलेली पानं थोरलीच्या भुकेमुळे वाचली आहेत.

त्या सगळ्यात एक पुस्तक होतं, ते तर तिच्या मुळावरच उठलं होतं. ते होतं भावाला वाढवणाऱ्या एका थोरल्या बहिणीवर. ही बहीण स्वतः उपाशी राहून भावाला जेवू घालते, फाटकं नेसते, लग्न करत नाही, आणि दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात शिवून शिवून शेवटी आंधळी होते. भाऊ मोठा होतो आणि तिचे डोळे जातात. हे पुस्तक घरोघरी गेलं, त्यावर नाटक झालं, शाळेच्या पुस्तकात त्यातला उतारा आला. लोक थोरलीला बघायला येऊ लागले आणि तिचे डोळे शाबूत बघून त्यांचा विरस होऊ लागला. एक बाई तर रस्ता ओलांडताना तिचा दंड धरून तिला पलीकडे घेऊन गेल्या, तिला ओलांडायचा नसताना. अंध मुलांच्या शाळेने तिला पाहुणी म्हणून बोलावलं आणि ती चष्म्याशिवाय कार्यक्रमपत्रिका वाचू लागल्यावर मुख्याध्यापकांची पंचाईत झाली.

उपाशी राहिल्याचं तर नावच नको. थोरली चांगली जेवायची. धाकट्याला तिने मेजपट्टीने बदडलं होतं आणि दोनदा घराबाहेर काढलं होतं. लग्न केलं नाही ते तिला करायचं नव्हतं म्हणून. शिवाय बटणवाला होता. बटणांच्या कंपनीचा हा फिरता विक्रेता बटणं दाखवायला म्हणून आला आणि येतच राहिला. दोघं सिनेमाला जायची, भांडायची, पुन्हा सिनेमाला जायची. आता तो निवृत्त झाला होता, गुडघे धरून जिना चढायचा, पण यायचा. पुस्तक वाचून झाल्यावर तो बरेच दिवस घुश्शात होता. म्हणाला, एवढी पानं लिहिली, मला एका ओळीतसुद्धा घेतलं नाही. थोरलीने धाकट्याला जाब विचारला तेव्हा धाकटा म्हणाला, बटणवाला घेतला की त्यागाची सगळी मजा जाते.

पण हा सगळा विनोद जिथे थांबत होता अशी एक गोष्ट होती.

एका हंगामात कोटांचं मोठं काम आलं होतं. ती घायकुतीला आली होती. सकाळीच ढीगभर बॉबिनी भरून ठेवायची आणि मान खाली घालून टिपा मारत सुटायची. धाकटा रोज यायचा, वाचायचा, थांबायचा, जायचा. मशीन काही थांबलं नाही. तिच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही. त्याने पानामागून पान फाडलं, असं करत आख्खी कादंबरी फाडली आणि नाहीसा झाला. प्यायचा तो आधीही, लिहीत नसला की प्यायचाच, पण या वेळी तो सापडला तो इस्पितळात. भावजय तिथून थेट इथे आली होती. मुलीचा हात धरून या कापडांच्या ढिगात उभी राहिली आणि म्हणाली, "एकदा पाय उचलला असता तर काय बिघडलं असतं तुमचं?" मग ती माहेरी गेली ती परत आली नाही. थोरलीकडे तिच्यासाठी उत्तर तयार होतं. तुझा नवरा तुला आवरला नाही त्याला मी काय करू, असं काहीतरी. ते तिने मनात पुष्कळदा घोळवलं, पण दरवेळी शेवटाला येईपर्यंत तिलाच ते पटेनासं व्हायचं.

तेव्हापासून ती पाय उचलायला चुकत नसे. न ऐकता, अंदाजाने, मधूनमधून उचलायची. लिखाण चालू असलं की धाकटा बाटलीला शिवत नाही, एवढं साहित्य तिला पक्कं कळत होतं. हे पुस्तक सुरू झाल्यापासून तो प्यायला नव्हता. आज शेवटचं प्रकरण पास करून टाकायचं, दोन ठिकाणी पाय उचलायचा, प्रकाशकाची कटकट मिटवायची आणि संध्याकाळपर्यंत कॉलरी संपवायच्या, असं तिने ठरवून टाकलं.

दुपारी धाकटा आला. दार ढकलल्याचा आवाज झाला, गिऱ्हाइकाची खुर्ची सरकल्याचा झाला, कागद सारखे केल्याचा झाला. तिने मान वर केली नाही. खाली निळ्या कापडाची दुमड सरकत होती, ती सोडली असती तर वाकडी गेली असती.

"प्रकाशक रडत होता," ती म्हणाली.

धाकटा म्हणाला, त्याला सवय आहे. मग उभं राहून वाचणार नाही, आज बसूनच वाचतो, असं म्हणून त्याने घसा साफ केला आणि सुरुवात केली. पहिली काही वाक्यं नेहमीसारखी तिच्या कानावरून गेली. मग एक वाक्य अडकलं, कारण त्यात 'ताई' होती आणि ती मरायला टेकली होती.

"थांब," थोरली म्हणाली, पण पाय चालूच ठेवला. "ही कोण ताई?"

धाकट्याने सांगितलं, की या पुस्तकातही एक बहीण आहे, आणि शेवटच्या प्रकरणात ती जाते. पुस्तकाची गरज आहे तशी. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती म्हणाली, गेल्या पुस्तकात माझे डोळे काढलेस, अजून लोक मला रस्ता ओलांडून देतात. आता जिवंतपणी मारलंस तर उद्या माझ्या दारात माणसं हार घेऊन उभी राहतील, त्यांना चहा कोण देणार? तुझ्या डोक्यात दुसरं कुणी मरत नाही का? प्रकाशकाला मार. धाकटा म्हणाला, प्रकाशकाच्या मरणाने वाचक हेलावत नाही. तू शिवत राहा, मशीनचा आवाज नसला की मला वाचता येत नाही.

ती संतापाने पाय मारायला लागली, आणि त्या संतापाच्या भरात तिच्या हातून एक नवीच गोष्ट घडली. ती ऐकायला लागली. नाव माझं घेतोय तर निदान काय खोटं लिहितोय ते तरी कळू दे, असं तिला वाटलं.

धाकटा वाचत होता, "ती आता भिंतीला धरून खिडकीपर्यंत जायची. कुणी बघितलंच तर भिंतीवरून बोट फिरवून धूळ पाहतेय असं दाखवायची."

"मी कशाला भिंत धरीन?" थोरली म्हणाली. "माझे पाय तुझ्यापेक्षा ठणठणीत आहेत."

"पायावर बोट दाबलं की तिथे खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. तो भरून येईपर्यंत ती त्याच्याकडे बघत बसायची. वेळ जायला बरं पडायचं."

ती म्हणाली, हे सपशेल खोटं आहे. मशीनवर जन्म काढला तरी माझे पाय कधी सुजले नाहीत, पाहिजे तर बटणवाल्याला विचार. धाकट्याने मान डोलावली आणि पुढे वाचलं. पुस्तकातल्या ताईच्या अंगाला खाज सुटायची आणि ती लाकडी पट्टीने पाठ खाजवायची. तिला जेवणाची चव खिळा चोखल्यासारखी लागायची. थोरलीने दोन्हींवर हरकत घेतली. पट्टी कापड मोजायला असते, आणि जेवणाला नावं ठेवणारी बाई मी नव्हे. ती मनातल्या मनात त्याची एकेक चूक वेचून बाजूला काढत होती, आणि इतक्या वर्षांचा सगळा राग आज एका बैठकीत वसूल करायचा असं तिच्या मनाने घेतलं होतं.

"मग गिऱ्हाइकासमोर तिला शब्द सापडेना. रोज हातात असलेली वस्तू समोर होती, पण नाव येईना. ती म्हणाली, ते द्या ना, ते... टोचतं ते. गिऱ्हाईक हसलं. तीही हसली. आत जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं आणि एकेका वस्तूला हात लावून नावं म्हणून बघितली."

"मी सुईला काय म्हणतात ते विसरेन?" थोरली आता चांगलीच भडकली होती. "अरे, माणसाने खोटं तरी बेताने लिहावं. शिवणाऱ्या बाईला सुई आठवत नाही म्हणजे काय, लेखकाला शब्द..."

तिने वाक्य अर्धंच सोडलं. धाकट्याचं लक्ष नव्हतं. तो वाचतच होता.

"डॉक्टर भला माणूस होता. त्याने खिडकीबाहेर बघत सांगितलं, की आता घरी जा आणि आवडेल ते खा."

"मला कुठल्या डॉक्टरने असं सांगितलं?" ती म्हणाली, पण आवाजात पहिला जोर राहिला नव्हता. "असं कधी सांगतात का डॉक्टर?"

"तसंच सांगतात," धाकटा पान उलटत सहज म्हणाला. "आवडेल ते खा म्हणतात, आणि मग काही आवडतच नाही."

मशीन थांबलं.

थोरलीने मान वर करून भावाकडे बघितलं. आल्यापासून तिने त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. आल्यापासून कशाला, किती दिवसांत धड बघितलं नव्हतं ते तिलाच आठवेना. त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग जुन्या कॉलरीसारखा पिवळा पडला होता. गालफडं बसली होती आणि पोट मात्र सदऱ्यात मावत नव्हतं. पायातल्या चपलांचे पट्टे त्याने मोकळे सोडले होते, कारण ते लागण्यासारखे नव्हते.

आणि तो हसत होता. पहिल्या गोष्टीच्या वेळी फुलला होता तसा त्याचा चेहरा फुलला होता.

"थांबलीस," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं, इथे थांबशील."

"हे माझं नाही," थोरली म्हणाली. "हे तुझं आहे."

धाकट्याने कागद मांडीवर आपटून सारखे केले. सारखेच होते ते. म्हणाला, कादंबरी आहे ताई, कुणाचं तरी असतंच. तिने विचारलं, डॉक्टर किती दिवस म्हणाले. त्याने सांगितलं, असे दिवस काही सांगितले नाहीत. पुस्तक लिहितोय म्हटल्यावर त्यांनी कितपत झालंय ते विचारलं. शेवटचं प्रकरण राहिलंय म्हटलं.

"तर म्हणाले, पुस्तक पुरं होईल तुमचं."

थोरली प्रचंड चिडली. घाबरली होती ती, पण घाबरल्यावर तिला चिडण्याखेरीज दुसरं काही करता येत नसे. डॉक्टरवर चिडली, प्रकाशकावर चिडली, निळ्या कापडावर चिडली, आणि सगळ्यात जास्त या माणसावर, ज्याला स्वतःच्या दुखण्याची बातमीसुद्धा सरळ देता येत नव्हती. मला मारल्याशिवाय हे तुला मला सांगता आलं नाही का, असं ती ओरडली.

"दोनदा आलो होतो सांगायला," धाकटा म्हणाला. "तू शिवत होतीस."

तो आला होता हे तिला आठवत होतं. एकदा पाणी मागून घेतलं होतं त्याने आणि बराच वेळ दारात उभा होता. कागद आणले नाहीस का, असं तिने खाली बघूनच विचारलं होतं. नाही म्हणाला आणि गेला. कागद नव्हते म्हणून तिला उलट बरंच वाटलं होतं.

धाकटा मात्र खुशीत होता. त्याच्या दृष्टीने काम झालं होतं. मशीन थांबलं म्हणजे प्रकरण जमलं, प्रकरण जमलं म्हणजे पुस्तक झालं. तो कागदांची घडी घालायला लागला, उद्याच प्रकाशकाकडे देऊन टाकतो म्हणाला. मग जरा हलकं वाटेल, गेले काही दिवस केवळ याच्यासाठी उठून बसत होतो. हे त्याने इतकं साधेपणाने सांगितलं, की थोरलीचा हात आपोआप मशीनच्या चाकावर गेला.

"बसून राहा," ती म्हणाली. "शेवट वाचायचा राहिलाय."

"पण तू थांबलीस."

"बॉबिन संपली होती."

तो हसला. हे कारण त्याने आयुष्यात कधी खरं मानलं नव्हतं, आताही मानलं नाही. पण वाचायला मिळतंय म्हटल्यावर कुठला लेखक नाही म्हणेल? त्याने घडी उलगडली. थोरलीने सुईखाली हाताला लागेल तो तुकडा सरकवला आणि पाय चालू केला.

आयुष्यात पहिल्यांदा तिने भावाचं लिहिलेलं अक्षर न् अक्षर ऐकलं. चांगलं होतं ते. लोक उगाच वेडे झाले नव्हते. कुणी शिकवलं नसताना, प्रबंध न वाचता तिला ते कळलं, आणि कळल्याबरोबर पाय जड झाला. एका जागी पुस्तकातली ताई आपले कपडे आपणच आत घेऊन शिवते, बारीक झाल्याचं कुणाला कळू नये म्हणून. तिथे थोरलीचा पाय आपसूक थांबायला लागला. तिने तो रेटला. पुढे आणखी एका ठिकाणी तसंच झालं. तिने दात आवळले आणि पुन्हा रेटला. खाली काय शिवलं जात होतं ते तिला दिसत नव्हतं. खिसा कॉलरीला जोडला जात होता बहुतेक.

तिला भावजय आठवत होती, मुलीचा हात धरून उभी असलेली. मशीन थांबलं नाही तर हा आत्ता सगळं फाडेल. फाडेल आणि इथून उठून सरळ गुत्त्यावर जाईल, आणि या वेळी इस्पितळातून परत येणार नाही. आणि थांबलं तर पुस्तक पुरं होईल. डॉक्टर तेवढंच म्हणाले होते. दोन्हीकडून कोंडी झाली होती, आणि तिच्याजवळ होता तो फक्त एक पाय.

शेवटच्या पानावर पुस्तकातल्या ताईने सगळ्यांना बोलावलं, ज्यांनी ज्यांनी तिला दुखावलं त्यांना माफ केलं, कात्री पुसून जागेवर ठेवली आणि शांतपणे डोळे मिटले. धाकट्याचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला. त्याने कागद मांडीवर ठेवले आणि वाट बघत राहिला.

मशीन चालू होतं.

त्याने आणखी थोडी वाट बघितली. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला. थोरलीला ते दिसत होतं, आणि तिला रडू येत होतं, पण पाय थांबला नाही.

"नाही जमलं?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याचे हात कागदांकडे गेले.

"फाडू नकोस," ती म्हणाली.

असं तिने आजवर एकदाही म्हटलं नव्हतं. धाकटा तसाच थबकला. मग ती बोलायला लागली, शिवता शिवता, त्याच्याकडे न बघता. पायाचं खरं आहे, ती म्हणाली, ते राहू दे. सुईचं खरं आहे, त्याला हात लावू नकोस. डॉक्टर खिडकीबाहेर बघतो तेही ठेव. पण शेवट साफ खोटा आहे.

"ती सगळ्यांना माफ कशी काय करते? तू आजपर्यंत कुणाला माफ केलंयस? त्या वाकड्या तोंडाच्या समीक्षकाला केलंस? बायकोला केलंस? तिने तुला केलं? लिहायचं तर ते भांडण लिही. पोरीला बोलावू दे तिला. पोरगी येईल की नाही ते लिही. आणि मरायच्या आधी बटणवाल्याला घे पुस्तकात. त्याच्याशिवाय मी मरणार नाही, सांगून ठेवते."

धाकटा तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्याच्या लिखाणाबद्दल थोरली एवढं कधीच बोलली नव्हती. मग तो वैतागला, चांगला खराखुरा वैतागला, आणि त्याच्या आवाजात जरा जीव आला. म्हणाला, हे काय सोपं आहे? त्यासाठी मागची पानं मोडावी लागतील. पोरीचं लिहायचं तर तिला आधी भेटावं लागेल. बटणवाला आत्ता कुठून आणू, तो तर पहिल्या प्रकरणापासून लागेल.

"मग पहिल्यापासून लिही."

"ताई, किती वाढेल ते कळतंय का तुला?"

"वाढू दे."

"आणि एवढं करून आणलं, तर थांबशील?"

"बघू," थोरली म्हणाली.

धाकट्याने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. त्याला कळलं की नाही ते तिला सांगता आलं नसतं, तिने मान वर केलीच नाही. मग कुरकुरत त्याने खिसे चाचपले, टेबलावरचा तिचा खडू उचलला, तो कागदावर उमटेना म्हणून ठेवून दिला आणि पेन्सिल मागितली. तिने ती कानावरून काढून न बघता पुढे केली. त्याने पहिलं पान मांडीवर घेतलं, समासात काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

"प्रकाशकाला काय सांगू?" त्याने मध्येच विचारलं.

"सांग, मशीन चालू आहे म्हणावं," ती म्हणाली आणि पाय मारत राहिली.